बोट कुठे थांबतं

मुलीने फोन बाबांच्या हातात दिला आणि वही उघडून ती शेजारच्या खुर्चीत बसली.

"आता मी बोलणार नाही हं, बाबा. तुम्ही काहीही विचारलंत तरी गप्प बसणार."

"लहानपणी कधी बसली नाहीस ती! बरं, परीक्षा माझी का तुझी?"

"ॲपची. प्रवासाचं एखादं पुस्तक शोधून दाखवा. बस, एवढंच."

नोकरी होती ती कंपनी बंद पडल्यावर, तिशी उलटून गेल्यावर ती ॲप बनवायला शिकत होती. घरातल्या चारशे पुस्तकांची यादी बाबांनी तिला कपाटासमोर उभं राहून तोंडपाठ सांगितली होती, आणि तिने त्यातून आपलं पहिलं ॲप तयार केलं होतं. वर्गातल्या सरांनी आता चाचणी करून आणायला सांगितली होती. आपलं ॲप दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायचं आणि शेजारी बसायचं. मदत करायची नाही, खुणावायचं नाही. बोट कुठे थांबतं, तेवढं लिहून घ्यायचं.

बाबांचं बोट लगेचच थांबलं.

त्यांनी फोन जवळ घेतला, मग लांब धरला. मान तिरकी केली. काचेवर खिडकीचा उजेड येतो म्हणाले. पडदा ओढायला ती अर्धी उठली आणि परत बसली. फोनच्या पडद्यावर तीन बटणं होती, एका ओळीत, एकाच रंगाची. 'शोधा'. 'नवीन नोंद'. 'सगळं पुसा'.

"बटणं मात्र देखणी केलीस," बाबा म्हणाले.

तिने पेन्सिलीने वहीत एक ओळ लिहिली.

त्यांनी तिसरं बटण दाबलं. 'सगळी यादी पुसली जाईल. नक्की?' असं आलं. खाली 'हो' आणि 'नाही'. तिने ओठ आवळून धरले. बाबांचं बोट दोन्हींवरून एकदा फिरलं आणि 'हो'वर टेकलं.

फोनचा पडदा पांढरा झाला. यादीची प्रत तिच्याकडे होती, त्याचं काही नव्हतं.

"हे बघ," बाबा म्हणाले. "सापडलं."

तिने पेन्सिल खाली ठेवली.

"कुठलं सापडलं, बाबा?"

"तेच की. तू सांगितलेलं. वर नाव आहे, खाली लेखक. झकास झालंय."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला छापण्याआधी तपासायला छापखान्यातून आलेली प्रुफं होती. अडतीस वर्षं बाबा प्रुफं तपासत होते. त्यांच्या हाताखालून गेलेलं पान तांबडं होऊनच परत जायचं, आणि नवे लेखक ते बघून हिरमुसायचे. तिने गठ्ठा पुढे ओढला. पंधरा पानं उलटली. समास कोरे होते.

"यात एकही खूण नाही."

"हल्लीची मुलं टाइप सुरेख करतात."

तिने पहिल्या पानाची पहिली ओळ वाचली. मग तीच पुन्हा वाचली. पानांचा आवाज थांबलेला बाबांना कळला.

"काय आहे?"

"'त्यामुळे' दोनदा पडलंय."

"कुठल्या ओळीत?"

"पहिल्याच."

बाबांनी फोन टेबलावर ठेवला, उपडा.

"डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलोय," ते म्हणाले. "दोनदा. कडेचं दिसतं, मधलं नाही. अक्षरं नेमकी मध्येच असतात, काय करणार. गेलेलं आता परत येत नाही म्हणाले."

"आणि घरात कुणाला सांगितलं नाहीत?"

"तुझं शिकून होईपर्यंत रेटावं म्हटलं."

तिने उपडा फोन सुलटा केला. म्हणाली, "बटणं मी एकसारखी केली. माझंच चुकलं. आमचे सर म्हणतात, वापरणारा चुकला तर चूक त्याची नसते, ॲपची असते."

"फार चांगले आहेत गं तुमचे सर." बाबा हसले. "आमच्याकडे तसं नाही. पुस्तक छापून आलं की चूक ना लेखकाची, ना टाइप करणाऱ्याची. माझी."

"मग मी वाचते. मी मोठ्याने वाचेन, तुम्ही ऐकून सांगा. छापखान्याच्या मालकांना कळायचंसुद्धा नाही."

"हे वाचशील. मागच्या महिन्यात दोन पुस्तकं अशीच गेली माझ्या हाताखालून. त्यांचं काय?"

तिने प्रुफांच्या गठ्ठ्याच्या कडा जुळवल्या.

"मालकांना फोन लाव. ती छपाईला गेली नसतील तर अजून थांबवता येतील."

"बाबा, मग ते तुम्हाला काम…"

"लाव म्हणतो ना."

तिने फोन उचलला, नंबर काढला, लावला. पलीकडे घंटी वाजायला लागली. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण चाचपून त्यांनी लावलं, आणि फोन घ्यायला हात पुढे केला. तो फोनपासून चार बोटं बाजूला गेला.

तिने फोन तिथे नेला.