पंखातले तीन ठोके

गॅरेजमध्ये नवरा-बायको मिळून स्वतःचं छोटं विमान बांधत होती. ती बाहेरून गनने पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकायची आणि तो पंखात हात घालून पलीकडून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, म्हणजे रिव्हेटचं टोक चेपून घट्ट बसे. गनच्या आवाजात बोललेलं काही ऐकू येत नसे, म्हणून त्यांनी खूण ठरवली होती: आतून एक ठोका म्हणजे ठीक, तीन म्हणजे बिघडला, काढून टाक.

आज पंख चारही बाजूंनी बंद झाला. ठोकळा टेबलावर टाकून नवरा लेकीला कडेवर घेऊन उभा होता.

तेवढ्यात पंखातून तीन ठोके आले.

"पत्रा तापलाय, वाजणारच," तो म्हणाला. "दूध तापायच्या आधीच तुला ते उतू गेलेलं दिसतं! रविवारी हिला घेऊन उडायचंय, पुरे कर आता."

"तीन होते."

ती एकेका रिव्हेटवर बोट टेकवत गेली. आतून एक ठोका. पुढच्याला एक ठोका. टोकाशी मात्र तीन.

तिने ड्रिल लावून तो रिव्हेट काढला. त्याचा तुटका तुकडा पंखात पडायला हवा होता, पण पडल्याचा आवाजच आला नाही.

नवऱ्याचा चेहरा उतरला. "अगं, राहू दे. आता तिथे ठोकळा कोण धरणार?"

तिने नवा रिव्हेट भोकात सरकवला. आतून त्याला काहीतरी जड येऊन टेकलं आणि तसंच घट्ट राहिलं.

टेबलावरचा ठोकळा टेबलावरच होता.

तिने गन टेकवली.

"कोण आहेस ते नंतर बघू," ती पंखाला म्हणाली. "यात माझी पोर बसणार आहे. नीट धर."

आणि तिने घोडा दाबला.