जिन्यातला माइक

"माझ्या घरात नको, ताई," साउंडवाला म्हणाला. "दुसरी एखादी इमारत बघू."

"बघितल्या की. एका ठिकाणी वॉचमनने हाकललं, दुसरीकडे लिफ्ट घरघरते. तुमच्याकडे लिफ्टच नाही. आणि जिना म्हणजे नुसती विहीर! तुझ्या लग्नानंतर पहिल्यांदा आले होते, तेव्हापासून माझ्या कानात बसलाय तो."

ताई सिनेमाची दिग्दर्शिका होती आणि त्याच्या बायकोची मावसबहीणही. हे लग्न तिनेच जुळवलं होतं. त्यामुळे स्टुडिओतसुद्धा सगळ्यांसमोर ती त्याला जावईबापू म्हणायची.

सिनेमातला प्रसंग छोटाच होता. जिना चढणाऱ्या एका बाईला बंद दारामागून नवरा-बायकोचं भांडण ऐकू येतं. नवरा हात उचलतो, बायको ओरडते. पडद्यावर मात्र फक्त दार दिसतं. नटांचे आवाज स्टुडिओत रेकॉर्ड झाले होते. साउंडवाल्याने कॉम्प्युटरवर त्यांना जिन्याचा घुमारा चढवून पाहिला. ताईने तोंड वाकडं केलं.

"डब्यात तोंड घालून भांडतायत असं वाटतंय."

मग एकच उपाय उरला. खऱ्या घरात स्पीकर लावायचा, दार ओढून घ्यायचं, भांडण वाजवायचं आणि बाहेर जिन्यात माइक ठेवून ते पुन्हा रेकॉर्ड करायचं.

"निदान शेजाऱ्यांना सांगून येतो," तो म्हणाला.

"अजिबात नाही. सांगितलंस की सगळे टीव्ही बंद करून दारात येऊन उभे राहतील. मला नांदती इमारत हवी. कुणी धावत आलंच, तर मी माफी मागेन. एवढं लाजायला काय झालं?"

तो खाली बघत वायर गुंडाळत राहिला. ताईला त्याची दया आली.

"आणि उद्या सकाळी मी तिच्याकडे जातेच आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "किती महिने माहेरी राहायचं माणसाने? फोनवर काही सांगत नाही. 'बरी आहे,' म्हणते आणि ठेवून देते. रुसली असणार. तू दिवसभर स्टुडिओत, घरी आलास तरी कान हेडफोनमध्ये."

"चूक माझीच आहे, ताई. तिला सांगा, यापुढे असं होणार नाही." त्याचे डोळे भरून आले. "तुम्ही सांगितलंत तरच येईल ती. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही."

"माझा शब्द तिने कधी मोडला नाही. घेऊनच येते, बघ."

संध्याकाळी दोघं सामान घेऊन त्याच्या घरी गेले. ताई स्पीकर बाहेरच्या खोलीत ठेवायला निघाली.

"स्वयंपाकघरात ठेवा," तो पटकन म्हणाला. "तिथून आवाज जिन्यात जास्त जातो."

"कानाचा पक्का आहेस हं!"

ताई आत थांबली. तो जिन्यात माइकपाशी हेडफोन लावून उभा राहिला. इमारत नांदत होती. कुठेतरी बादलीत नळाचं पाणी पडत होतं. खालच्या पायऱ्यांवर मुलं चेंडूवरून वाद घालत होती. समोरच्या उघड्या दारातून शिंप्याच्या मशीनची खडखड येत होती.

आत भांडण सुरू झालं.

दाराने शब्द गिळून टाकले. कोण बोलतंय, काय बोलतंय, काही कळेना. उरली ती नुसती पुरुषाची गुरगुर आणि मधूनच बाईची किंकाळी. जिना त्या दोन्ही उचलून वरच्या मजल्यापर्यंत नेत होता. आपलं घर त्याने असं बाहेरून कधी ऐकलं नव्हतं. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हेडफोन काढून टाकावेत असं त्याला वाटलं, पण काम चालू होतं.

मशीन थांबलं. समोरचं दार कुणीतरी आतून हलकेच लोटलं आणि कडी घातली. खाली एका आईने मुलांना दबक्या आवाजात घरात बोलावलं. कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज वाढला.

भांडण संपलं तसं त्याने रेकॉर्डिंग थांबवलं.

ताई बाहेर आली. तिने त्याच्या डोक्यावरचे हेडफोन ओढून स्वतःच्या कानांना लावले आणि रेकॉर्डिंग ऐकलं. आधी तिचा चेहरा खुलला. "वा! काटा आला अंगावर." मग हळूहळू तो उतरला.

"ही कडी कुणी लावली? आणि टीव्ही मोठा केला? आपला आवाज ऐकून?"

"लोकांना आपापले व्याप असतात, ताई. चला, आवरू या."

"व्याप? बाई ओरडतेय आणि एक माणूस दार उघडत नाही? मलाच मेलीला लाज वाटायला लागली. उद्या तिला इथे आणून सोडायची ती असल्या शेजारात? तुझी शिफ्ट रात्रीची असली आणि हिला काही झालं, तर कोण येणार? नाही, विचारलंच पाहिजे."

"ताई, नको!" त्याने तिचा दंड धरला. "मी हात जोडतो, नको."

"सोड. तू फार भिडस्त आहेस." तिने समोरची बेल दाबली.

बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं. शिंप्याच्या गळ्यात टेप तशीच होती. त्याच्या मागे त्याची बायको पदर तोंडाशी धरून उभी होती.

"घाबरू नका, सिनेमाचं भांडण होतं ते," ताई म्हणाली. "पण तुम्हाला ते कुठे माहीत होतं? आत एक बाई जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि तुम्ही कडी लावून घेतलीत! जरा तरी लाज वाटते का?"

"वाटते हो," शिंपी म्हणाला. त्याने ताईच्या खांद्यावरून साउंडवाल्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. "आम्हाला वाटलं, वहिनी परत आल्या."