सॉल्टरांचं घराणं

“पोरगा चांगला हाय, पन सॉल्टर हे घरानं कुठलं?” तळवलीच्या हिराजीने लग्नाला होकार मागणाऱ्या लेकीला विचारलं. “बाबा, इंग्रजाला घराणं विचारतात का?” पायल हसली. “का? त्याला बापजादे नाय? तुझ्या आईनंपन हेच इचारलं असतं.” बिचाऱ्या टॉम सॉल्टरने इंग्लंडातल्या आपल्या गावाकडच्या चर्चची जुनी दप्तरं चाळली आणि सहा महिन्यांनी वंशावळ घेऊन तो जेवायला हजर झाला. “चारशे वर्षांपूर्वी आम्ही मीठ पिकवायचो,” तो पाठ केलेल्या मराठीत म्हणाला. मिठागरात जन्म घालवलेला हिराजी गालात हसला, पण बधला नाही. “कागद काय, कोनीपन छापील!” हिराजीने रांधलेलं कालवण टॉमने चाखलं. “मीठ कमी आहे.” पायलने कपाळाला हात लावला. बायको गेल्यापासून हिराजीला हे तोंडावर कोणी सांगितलं नव्हतं. त्याने तिची मिठाची बरणी टॉमपुढे सरकवली. “घाला मंग तुमीच, जावईबापू!”