मांजरमुक्त बेकरी

वहिनीच्या बेकरीत दूध, लोणी, अंडं यातलं काहीच वापरत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईकही फारसं फिरकत नाही. छोट्या व्हीगन धंद्यांची ओळख करून देणाऱ्या एका ऑनलाइन यादीत नाव लागलं तर दुकान तगेल, नाहीतर शटर कायमचं खाली, असं दादाने सांगून टाकलं होतं.

यादीच्या संचालिकाबाई जातीने पाहणीला आल्या. त्यांनी तेलाच्या डब्यांवरची बारीक अक्षरं वाचली, मैदा हुंगला आणि पोत्यांवर ऐसपैस पसरलेल्या मांजरापाशी येऊन थांबल्या.

"हे इथे काय करतं?"

"उंदीर धरतं, ताई. एवढं पीठ पडलेलं असतं, मांजराशिवाय कसं भागेल?"

"त्याची संमती घेतलीत?"

वहिनीला वाटलं, बाई थट्टा करतायत. "मांजराची?"

"म्हणजे मुक्या प्राण्याला राबवून घेता. वर उंदरांचे जीव जातात ते वेगळेच. अशांची नोंद आम्ही करत नाही."

"बरं, मांजर काढून पिंजरा लावला तर?"

"कैदेत टाकणार त्यांना?"

वहिनीने डोळे पुसत मांजर माहेरी धाडलं. दुसऱ्याच दिवशी बेकरीचं नाव यादीत झळकलं, शेजारी हिरवं पान, खाली अभिनंदनाचा पाऊस. पाठोपाठ ऑर्डरीही आल्या. संचालिकाबाईंनी तर स्वतःच्या वाढदिवसाचा केक इथूनच नेला.



संध्याकाळी त्यांचा निरोप आला: "केकमध्ये उंदराच्या लेंड्या निघाल्या. प्राणिजन्य पदार्थ वापरल्याबद्दल आपली नोंद रद्द करण्यात येत आहे."