कोणता दरवाजा

सावली गावच्या वारलूचा मुलगा दौलत बोटीवर खलाशी होता. तीन वर्षांत घरी आला नव्हता. त्यानं लिहिलं: वीस तारखेला बोट एका तटबंदीच्या जुन्या शहरात सहा तास थांबते, मग विलायतेला. आईला घेऊन या, मी तटाच्या दरवाज्यापाशी उभा राहतो.

वारलूनं बेत आखला. एवढा बेत त्यानं स्वतःच्या लग्नातही आखला नव्हता. पण तट म्हटलं की त्याला चार दरवाज्यांचं चांदा शहरच आठवे. महाकालीच्या जत्रेत तो जटपुरा दरवाज्यावर आणि शकुबाई पठाणपुरा दरवाज्यावर, अशी दोघं दिवसभर एकमेकांची वाट पाहत बसली होती.

"कोन्त्या दरवाज्यावर, ते पोट्ट्यानं लिवलंच नाई," तो बायकोला म्हणाला.

"मंग इचारा त्याले," शकुबाई म्हणाली. "आपन एकीकडं, थो दुसरीकडं. उभं राहून पाय दुखतीन त्याचे."

विचारलं. शिदोरी बांधून दोघं उत्तराची वाट पाहत बसली. वीस तारीख निघून गेली.

महिन्याभरानं उत्तर आलं, परदेशी तिकिटाचं. मास्तरांनी वाचून दाखवलं: "बाबा, तुमचं पत्र बोट सुटल्यावर मिळालं. त्या शहराला दरवाजा एकच आहे. मी सहाही तास तिथंच उभा होतो."