डीव्हीडींची वाटणी

संमतीनं घटस्फोट घेणाऱ्या शंतनू आणि ऋजुता दिघ्यांचं घर, गाडी, भांडीकुंडी सगळं समुपदेशक बाईंसमोर वीस मिनिटांत वाटून झालं. अडलं ते दोनशे डीव्हीडींवर. हॉलिवूडच्या जुन्या, कृष्णधवल, धमाल कॉमेडी. जुन्या बाजारात धुंडाळून आणि शंतनूच्या अमेरिकेतल्या बहिणीला पिडून दोघांनी बारा वर्षांत जमवलेल्या.

“सगळ्या माझ्या,” शंतनू म्हणाला. “तुला मध्येच झोप लागायची.”

“आणि शेवट तुला समजावून सांगायला कोण लागायचं?” ऋजुता उसळली.

बाई एकेक नाव वाचू लागल्या. पहिल्याच सिनेमावर जुंपली. नायिका नवऱ्याला उशीनं मारते की छत्रीनं? ऋजुतानं उठून तो प्रसंग बाईंच्या छत्रीनं करून दाखवला. शंतनूनं नायकासारखं कोलमडून दाखवलं, तेव्हा पाण्याचा तांब्या थेट दोघांच्या घटस्फोटाच्या अर्जावर लवंडला. दोघं पोट धरधरून हसत सुटली. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

ओला अर्ज झटकत बाईंनी आशेनं विचारलं, “मग मागे घेताय ना?”

“छे!” दोघं एकदमच म्हणाली.

“पण पुढची तारीख लवकरची द्या,” ऋजुता डोळे पुसत म्हणाली. “अजून एकशे नव्याण्णव राहिल्यात.”