भुताचे डोळे

"मावशी, भुताचे डोळे करा. मोबाइलमध्ये बघा, किती सोप्पंय!"

मी स्वयंपाकाला जाते त्या वहिनींनी फर्मावलं. त्यांच्या लेकाची हॅलोविन पार्टी खाली क्लबहाउसमध्ये होती. मी अंडी उकडून अर्धी कापली, पिवळ्यावर काळं द्राक्ष बसवलं, बिटाच्या रसाने लाल शिरा काढल्या. कडेने वहिनींनीच लिंबाच्या फोडी मांडल्या.

"वहिनी, आमच्याकडे भुताचा उतारा असाच दिसतो. तिठ्यावर ठेवतात. ओलांडायचा नसतो."

"तुमची गावठी अंधश्रद्धा इथे नको हं."

नको तर नको. ताट लिफ्टपाशी खाली ठेवून मी ग्लास आणायला आत गेले. परत येते तर मजल्यावरचे दोन इंजिनियर आणि एक डॉक्टरीणबाई आपापली चिमुकली भुतं कडेवर घेऊन भिंतीला चिकटलेली.

"कुणीतरी उतारा ठेवलाय! जिन्याने चला!"

आवाज ऐकून वहिनी बाहेर आल्या. त्यांनी ताट पाहिलं, मग शेजाऱ्यांचे चेहरे पाहिले.

"शी! शिकलेल्या लोकांच्या बिल्डिंगमध्ये असले गावठी प्रकार कोण करतं, कोण जाणे!"

मी ताटापाशी मांडी घातली, एक डोळा उचलला आणि सगळ्यांदेखत खाल्ला.

"वहिनी, तुमच्या डोळ्यांत मीठ जरा कमी पडलंय."